माटवीचं तोरंजन

तोरंजनाची गाठ भाईंनी दुसऱ्या कोणाला मारू दिली असती, तर पुढचं पुष्कळसं टळलं असतं.

चतुर्थीचा पहिला दिवस होता. विमलाच्या घरात दुपारची आरती शेवटच्या कडव्यावर आली होती. विमलाचा दीर सहदेव डोळे मिटून झांजा बडवत होता. गणपतीच्या डोक्यावर माटवी टांगलेली. माटवी म्हणजे लाकडी चौकट. तिला आंब्याच्या डहाळ्या, काकड्या, सुपारीचे घोस, रानातली फुलंफळं बांधायची. तिच्या मधोमध भाईंच्या झाडाचं, भाईंनी आणलेलं, भाईंच्याच हातांनी बांधलेलं तोरंजन होतं. तोरंजन म्हणजे पपनस. पण पपनस म्हटलं की ते बाजारातलं वाटतं, आणि हे धामापूरच्या तळ्याकाठचं होतं. नारळापेक्षा मोठं, पिवळंधमक. तर ते तोरंजन सुतळीतून सुटलं, सहदेवच्या नाकासमोरून खाली आलं आणि गणपतीच्या उजव्या हाताशी धप्पकन पडलं.

झांजा थांबल्या. विमलाची सून नम्रता हातातलं तबक तसंच धरून म्हणाली, “भाईनू, गाठ कोणी मारल्यानी?”

गाठ कोणी मारली ते सगळ्यांनी पाहिलं होतं. पण भाई एसटीतून निवृत्त झालेले, मालवण स्टँडचे माजी कंट्रोलर. गाडी का बंद पडली असं विचारणाऱ्या उतारूला उत्तर देण्यात त्यांची हयात गेली होती.

“गाठीचा सोड,” ते म्हणाले. “पडलां खंय तां बघ. उजव्या अंगाक! गो, उजवो कौल आसा हो!”

देवाला प्रश्न विचारायचा, त्याच्या अंगावर फुलं लावायची, उजवीकडचं फूल आधी पडलं तर होकार आणि डावीकडचं पडलं तर नकार, ही या मुलखाची जुनी रीत. आज प्रश्न कोणी विचारला नव्हता हे खरं. पण तो प्रश्न समोरच्या खुर्चीत पाठीला उशी लावून, गळ्याभोवती पदर गुंडाळून बसला होता. विमला जगेल का, एवढाच तो प्रश्न. आणि देवाने, सुतळीच्या मार्फत का होईना, होय म्हटलं होतं.

भाईंनी तिथेच बसून तोरंजन सोललं. नम्रता पुढे झाली. “भाईनू, डॉक्टरबायन सांगल्यान हा, ह्यां फळ त्या गोळ्यांवांगडा चालणा नाय म्हणान. तुमीच तर आयकलास.”

“तां फळाचा. ह्यो परसाद. परसादाक पथ्य नसता.”

“आण हडे,” विमला खुर्चीतून म्हणाली. “जिभेक कायतरी लागूंदे. महिनोभर पेज पिवन माझी जीभ म्हणजे बांगडो ठेवचो बर्फ झाली हा.”

भाईंनी एकेक गुलाबी फोड सोलून, बी काढून तिच्या हातावर ठेवली. तिने अर्धं तोरंजन खाल्लं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा तिने मागून काही खाल्लं, हे बघून नम्रताच्याही डोळ्यांत पाणी आलं आणि तिने पुन्हा अडवलं नाही. संध्याकाळच्या गाडीने भाई धामापूरला गेले. उजवा कौल झाल्याचं त्यांनी कंडक्टरला सांगितलं, ड्रायव्हरला सांगितलं, आणि वाटेत कट्टा गावाला चढलेल्या एका अनोळखी माणसालाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी विमलाला गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवावं लागलं.

*

भाई आणि विमला यांची ओळख भांडणातून झाली होती. विमलाची तशी सगळ्यांशीच ओळख भांडणातून होत असे. तेव्हा ती तिशीच्या आतली होती. नवरा गेलेला; आता बोटीवर नोकरीला असलेला मुलगा समर्थ तेव्हा शाळेतही जायला न लागलेला. पहाटे किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढतात तिथे जाऊन मासळी घ्यायची आणि सकाळच्या एसटीने आतल्या गावांत नेऊन विकायची. एकदा तिच्या पाटीतलं पाणी एका मास्तरांच्या नव्या वहाणांवर गळलं. मास्तरांनी तक्रार केली. नव्यानेच कंट्रोलर झालेले भाई गाडीजवळ गेले आणि कचेरीतल्या मराठीत म्हणाले, “बाई, मासळीची पाटी या वाहनातून नेता येणार नाही.”

“मगे काय नुस्त्याक चलत धाडू?” विमला म्हणाली. “बांगड्यांक सांग, पाय काढा आणि कट्ट्याक येवा म्हणान. मेल्या, दुपारी जेवतलस काय? पायताणां?”

गाडीतले उतारू हसले. मग त्यांच्या ध्यानात आलं, की पाटी इथे उतरली तर दुपारच्या जेवणात खरोखरच काही नाही. त्यांनी भाईंना शिव्या घालायला सुरुवात केली. मास्तर सर्वांत मोठ्याने. त्या दिवसापासून पाटीची जागा मागच्या दाराजवळ ठरली आणि भाई गाडी सोडण्याआधी ‘पाटी चढली काय रे?’ म्हणून ओरडायला लागले. मालवण आगारातून वेळेवर सुटणारी ती एकमेव गाडी. कारण उशीर झाला की विमला भाईंच्या केबिनीच्या जाळीतून आत तोंड घालत असे.

पुढे तिला मालवणच्या बाजारात बसायला जागा मिळाली. तिच्या तोंडची ‘मेल्या’ ही पदवी फक्त आपल्या माणसांना होती. ज्याच्याशी ती आदराने बोलायची, त्याला मासळी महाग पडत असे. भाई गेली तीस वर्षं स्वस्तात मासे खात होते. त्या बदल्यात चतुर्थीला झाडाचं पहिलं तोरंजन घरच्या माटवीला आणि दुसरं विमलाच्या माटवीला, असा शिरस्ता पडून गेला होता.

सहदेवची गोष्ट वेगळी. तो विमलाच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. मुंबईत कुठल्याशा कंपनीत होता. कोकणातले मुंबईकर चाकरमानी चतुर्थीला घरी येतात आणि गणपती उठला, विसर्जन झालं, की परतीच्या गाड्या धरतात, तसा तोही एका वर्षी आला. गणपती उठला. सहदेव उठला नाही. दसरा झाला, दिवाळी झाली. परतीचं तिकीट त्याच्या पाकिटात पिवळं पडलं. विमलाने त्याला कधी जा म्हटलं नाही, राहा असंही म्हटलं नाही. फक्त ताट वाढताना ती विचारायची, “गाडी चुकली काय रे आजपण?” आणि सहदेव मान खाली घालून “होय वैनी” म्हणायचा. अशा त्याच्या गाड्या अकरा-बारा वर्षं चुकत होत्या.

*

गळ्याला गाठी आल्या, तेव्हा विमलाने डोक्यावरच्या पाटीला दोष दिला. जन्मभर डोक्यावर ओझं, मानेला घट्टे पडणारच. मग काखेत आल्या. काखेत कोणी पाटी घेत नाही, हे नम्रताने दाखवून दिलं. मालवणच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि गोव्याला पाठवलं. तिथे कळलं, की हा रक्ताचा कॅन्सर आहे. सावकाश चालणारा, पण चालणारा. सलाईनमधून औषधं झाली. केस गेले, गाठी गेल्या. केस आले, गाठीही आल्या.

त्यानंतर त्या नव्या गोळ्यांची गोष्ट निघाली. हॉस्पिटलाने कुठल्याशा योजनेतून त्या मिळवल्या. समजून घ्यायला भाई बरोबर गेले होते, कारण कचेरीतली मराठी त्यांनाच येत होती. डॉक्टर म्हणजे एक तरुण, शांत मुलगी. ती कागदावर एक गोल काढून बोलू लागली.

“मावशी, शरीरातल्या प्रत्येक पेशीची वेळ ठरलेली असते. ती जुनी झाली, बिघडली, की आपली आपण मरते. रोज अशा कितीतरी मरतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. तुमच्या रक्तातल्या काही पेशींनी मरायचं सोडून दिलंय. त्यांची वेळ होऊन गेली तरी त्या जात नाहीत. साठत राहतात. त्याच या गाठी.”

विमलाने भाईंकडे पाहिलं. “म्हणजे माझो दीर,” ती म्हणाली.

भाईंनी भाषांतर केलं नाही. डॉक्टरबाईंनी गोलाच्या आत एक खूण काढली. “प्रत्येक पेशीत मरणाची एक कळ असते. या पेशींनी एक प्रथिन वाढवून ठेवलंय, ते ही कळ दाबूच देत नाही. गोळी जाऊन त्या प्रथिनाचे हात धरते. हात अडकले की कळ दाबली जाते.”

“आणि आधीचा सलायन काय करी?”

“ते मारायचं. चांगल्या-वाईट सगळ्यांना. ही गोळी तशी मारत नाही, मावशी. त्यांचं हरवलेलं मरण त्यांना परत देते.”

विमलाने त्या गोलावर बोट टेकवलं. मग म्हणाली, “देव पण आपल्या दिसाक उठता गो बाय. पाच दिस म्हणजे पाच दिस. ढोल वाजलो की पाटार बसान निघालो. ह्या मेल्यांका ऱ्हवा म्हणान कोणी सांगल्यान?”

“मेले नाहीत हाच तर त्रास आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि विमला इतकी हसली की बाहेरून नर्स आत आली.

मग पथ्यं. गोळी थोडीथोडी वाढवायची, दर वेळी रक्त तपासायचं. पाणी भरपूर प्यायचं; कारण पेशी मेल्या की त्यांचा कचरा मूत्रपिंडातूनच बाहेर जाणार, आणि सगळ्या एकदम मेल्या तर मूत्रपिंडं तुंबतील. आणि पपनस, करमळ ही फळं पूर्ण बंद. त्यांच्या रसाने गोळी शरीरात लवकर विरत नाही, रक्तात साठते, लहान डोसाचा मोठा डोस होतो. भाईंनी मान डोलावली आणि विमलाला स्वतःच्या तोंडाने सांगितलं, “तोरंजन बंद गो.” त्यांना सगळं नीट कळलं होतं. एसटीतही त्यांना सगळे नियम पाठ होते.

घरी आल्यावर पाण्याचं काम सहदेवने घेतलं. तो तांब्या भरून वहिनीसमोर उभा राहायचा आणि तांब्या रिकामा झाल्याशिवाय हलायचा नाही. विमला गळ्यावर हात फिरवून म्हणायची, “हो एक सहदेव, हो दुसरो सहदेव, आणि हो तिसरो तांब्यो घेवन उभो.” पहिल्या काही आठवड्यांत गळ्याच्या गाठी फक्त बोटालाच जाणवाव्यात इतक्या लहान झाल्या. गोळी आणखी वाढवायची तेवढ्यात चतुर्थी आली. भाईंनी तोरंजन आणलं ते केवळ माटवीसाठी. गणपती कुठे गोळ्या घेतोय, असा त्यांचा हिशोब होता. हिशोबात सुतळी धरली नव्हती.

*

“काय खाल्लं होतं?” हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी विचारलं.

“प्रसाद,” भाई म्हणाले.

“कसला प्रसाद?”

भाईंनी दोन्ही हातांनी तोरंजनाचा आकार दाखवला. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या रागावल्या असत्या तर भाईंना बरं वाटलं असतं. “गोळीने काम केलंय,” त्या म्हणाल्या. “नको तेवढं केलंय. एका घरातली सगळी माणसं एकाच दिवशी गेली, तर खांदा कोण देणार? तसं झालंय. पेशी मेल्या, पण त्यांना बाहेर न्यायला मूत्रपिंडं पुरी पडली नाहीत.”

विमलाला डायलिसिसवर ठेवलं. गोळी बंद केली. भाई बाहेरच्या बाकावर बसले. एसटीच्या बाकावर त्यांनी हजारो माणसं वाट बघताना पाहिली होती. आपण बसलो की बाक किती कडक लागतो ते त्यांना तिथे कळलं.

तिकडे घरात गणपती बसलेला होता आणि वाडीत वेगळीच कुजबुज चालू झाली होती. सगळी वाडी एकाच भावकीची. भावकीत कोणी गेलं की सगळ्यांना सुतक, आणि सुतकात गणपतीची पूजा नाही. विमलाचं काही झालं तर घराघरातल्या बसलेल्या गणपतींचं काय करायचं, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नव्हतं. पण संध्याकाळच्या आरत्या त्या वर्षी जरा घाईने उरकत होत्या. सहदेव सकाळ-संध्याकाळ एकटाच झांजा वाजवत होता. त्याने डोळे मात्र आता उघडे ठेवले होते.

पाचव्या दिवशी संध्याकाळी विमलाने नीट डोळे उघडले. नम्रता तिच्याजवळ होती.

“गणपती उठलो?” विमलाने विचारलं.

“उठलो, आई. आताच फोन इलो. सगळ्यांचे उठले.”

“बरां झालां. मगे आता मरूक हरकत नाय.”

पण ती मेली नाही. दारात उभ्या भाईंवर तिची नजर गेली. भाईंनी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. त्याआधी विमलाच म्हणाली, “तोरंजन गोड होता रे मेल्या.”

भाई जिन्यात जाऊन रडले.

*

मूत्रपिंडं सुधारेपर्यंत फार दिवस गेले. मग अगदी चिमुकल्या डोसापासून गोळी पुन्हा सुरू झाली. बंद असलेल्या काळात गाठी फिरून वाढल्या होत्या. त्या पुन्हा विरायला लागल्या. शिमग्याला विमला बाजारात येऊन बसली. गिऱ्हाईक भाव विचारी आणि ती आधी मान ताणून गळा दाखवी. “बघ, सगळे चाकरमानी गेले. आता बोल, सुरमय घेतलस की नुसतीच बघतलस?” भाई रोज येत. तीन जणांची मासळी दोन जणांसाठी घेत. धामापूरच्या मांजरांचे ते दिवस सोन्याचे होते.

पुढच्या चतुर्थीला भाईंनी तोरंजन आणलं नाही. एक भोपळा आणला. तो नम्रताने बांधला, दोन गाठी मारून आणि तिसरी वर. सहदेव तरीही आरतीच्या वेळी एक पाऊल मागे उभा राहिला. विमलाने माटवीकडे पाहून तोंड वाकडं केलं. “शोभणा नाय,” ती म्हणाली. “माटवेक भोपळो म्हणजे नवऱ्यामुलाच्या जागेर भटजी.” सगळे हसले. त्या घरात इतकं मोकळं हसू फार दिवसांनी झालं होतं. पुन्हा झालं नाही.

थंडीत एका सकाळी भाई बाजारात गेले. विमला बांगडे लावत होती. तिने वर न बघताच म्हटलं, “भाई, सहदेव परत इलो.”

“खंय गेललो?” भाई म्हणाले. काल संध्याकाळीच त्यांनी सहदेवला चहाच्या दुकानात पाहिलं होतं.

विमलाने ओल्या हाताने कानामागची जागा दाखवली. भाईंनी बोट लावून पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. तिने त्या दिवशी बांगड्यांचे पैसे घेतले नाहीत आणि भाईंनी ते दिलेही नाहीत. दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

डॉक्टरबाईंनी पुन्हा कागदावर गोल काढला. पण या वेळी त्यांचा हात तितका झरझर चालत नव्हता. गोळी जात होती, घरात एकही दिवस चुकत नव्हती. पण पेशींनी त्या प्रथिनाचा आकारच जरासा बदलला होता. गोळीला आता त्याचे हात धरता येत नव्हते. कळ तिथेच होती, मरण तिथेच होतं, आणि पेशी पुन्हा आपापल्या जागी ठाण मांडून बसल्या होत्या.

भाई तेव्हा एकटेच आत थांबले. कचेरीतली मराठी त्यांना त्या वेळी सापडेना. “मधी बंद ठेवूक लागली ना, डॉक्टर... माझ्यामुळे... म्हणान ह्यां झालां काय?”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. “ते कोणालाच सांगता येणार नाही, काका. एकही दिवस खंड न पडलेल्यांनाही असं होतं. लवकर, उशिरा, होतं.”

या उत्तरात भाईंना सोडलेलं नव्हतं आणि धरलेलंही नव्हतं. एखादा उतारू ‘गाडी कधी येणार?’ विचारायचा आणि आपण ‘सांगता येत नाही’ म्हणायचो, तेव्हा तो असाच खिडकीशी उभा राहायचा, जायचाही नाही, हे त्यांना आठवलं. तेही तसेच थोडा वेळ उभे राहिले.

आणखी एक औषध झालं. ते मूत्रपिंडांना सोसेना. मुंबईला कशाची तरी चाचणी चालू आहे असं भाईंनी कुठूनसं ऐकलं आणि तिथे चार-पाच फोन केले. एवढ्या दुखऱ्या मूत्रपिंडांच्या माणसाला घेत नाहीत, असं उत्तर आलं. श्रावण लागला तशी विमला अंथरुणाला टेकून बसायला लागली. शेवटच्या फेरीत डॉक्टरबाईंनी गोळ्याही थांबवल्या. त्या नम्रताला म्हणाल्या, “आता पथ्य काही नाही. मनाला येईल ते खाऊ द्या.”

हे वाक्य कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. नम्रताने मान खाली घातली. विमला मात्र डॉक्टरबाईंचा हात धरून म्हणाली, “तू खूप केलंस गो बाय. ते मेलेच आयकणत नाय, तू काय करतलस?” मग दारापर्यंत गेल्यावर वळून म्हणाली, “मालवणाक इलस तर बाजारात बघ. नम्रता बसतली माझ्या जागेर. तुका पेडवे फुकट.”

“मला मेल्ये म्हणाल का एकदा?” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांना त्या पदवीची किंमत कळली होती.

“जा गो मेल्ये,” विमला म्हणाली.

*

नारळी पौर्णिमा झाली. होड्या पाण्यात उतरल्या, बाजारात ताजी मासळी दिसू लागली. चतुर्थी जवळ आली, तशी वाडीतली माणसं विमलाला भेटायला येऊ लागली. सगळी मायेने येत, शहाळं आणत, डोक्यावरून हात फिरवत. आणि जाताना सगळ्यांची नजर भिंतीवरच्या कालनिर्णयावरून एकदा जाऊन येत असे. त्यांचाही इलाज नव्हता. घराघरातून मूर्तिकाराकडे मूर्ती सांगायच्या होत्या, मुंबईच्या माणसांनी गाड्यांची तिकिटं काढली होती. एखाद्याच्या मरणाला सवड नसावी, असे ते दिवस.

शेजारची हौसाबाई सरळ स्वभावाची. तिने पडवीत नम्रताला हळूच विचारलं, “गो, मूर्ती सांगूची काय ह्या वरसा? की थांबूचा?”

ते आतल्या अंथरुणावर ऐकू गेलं. “सांग गो हौसा,” आतून आवाज आला. “मोठी सांग. मी चतुर्थेच्या मधी जाणंय नाय. तुका लिवन देवू काय?”

हौसाबाई पदर तोंडात कोंबून पळाली. नम्रता आत गेली तर विमला भिंतीकडे तोंड करून पडली होती. एवढं मोठ्याने बोलल्यामुळे तिला धाप लागली होती.

धामापूरला भाईंचं झाड त्या वर्षी वाकलं होतं. फांद्यांना टेकू द्यावे लागले. इतकी तोरंजनं भाईंनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांना त्या झाडाचा राग आला. मागच्या वर्षी त्यांनी त्यातलं एकही तोंडाला लावलं नव्हतं, कोणाला दिलंही नव्हतं. सगळी खाली पडून कुजली होती. सकाळी झाडाखाली उभं राहून ते वर बघत, आणि मग गाडी धरून मालवणला येत.

त्या दिवशी ते आले तेव्हा सहदेव तांब्या घेऊन अंथरुणापाशी उभा होता. आता जबरदस्तीने पाणी पाजायची गरज नव्हती. उलट पाय सुजले होते, पाणी कमीच द्यायला सांगितलं होतं. पण सहदेवला दुसरं काही येत नव्हतं. तो तांब्या भरी, थोडा वेळ उभा राही आणि माडाला ओतून येई.

“अरे, बस मेल्या,” विमला त्याला म्हणाली. “तुझी गाडी चुकली ती चुकली. आता माझी लागली हा. वायच गप बस.”

सहदेव तांब्यासकट खाली बसला. इतक्या वर्षांत तिने त्याला बस म्हटलं ते पहिल्यांदाच.

भाई उशाशी टेकले. विमला खूपच वाळली होती. गळ्याच्या दोन्ही बाजूंना मात्र गाठी भरून आल्या होत्या, जणू तिच्या अंगातलं सगळं बाळसं तिथे जाऊन बसलं होतं. भाईंनी पावसाची गोष्ट काढली. मग सुरमईचा भाव काढला. समर्थ बोटीवरून सुटी मिळवून येतोय, त्याची गोष्ट काढली. समर्थ कधी पोचणार ते सगळ्यांना माहीत होतं. तो पोचण्याआधी काय होऊ शकतं तेही सगळ्यांना माहीत होतं. भाई बोलत होते आणि विमला त्यांच्याकडे नुसती बघत होती. तीस वर्षांपूर्वी ती केबिनीच्या जाळीतून बघायची, तशी. गाडी कुठे आहे ते खरं सांग, अशा नजरेने.

भाईंचे विषय संपले. वर माटवीची रिकामी चौकट आढ्याला टांगलेली होती. नम्रताने ती आधीच पुसून लावून ठेवली होती. भाईंनी चौकटीकडे पाहिलं, मग खाली आपल्या हातांकडे पाहिलं.

“विमल,” ते म्हणाले, “ह्या वरसा... तोरंजन... आणू काय?”

“दोन आण,” विमला म्हणाली. “एक माटवेक, एक माका.”